चुकांची जन्मतारीख

आमच्या महाविद्यालयात मराठी आणि इंग्रजी या दोन विभागांना मिळून एकच खोली आहे. मधोमध एक लांब टेबल. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. परीक्षेच्या दिवसांत दोन्ही बाजूंना उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडतात आणि तपासता तपासता दोन्ही बाजूंनी अधूनमधून सारखाच सुस्कारा ऐकू येतो. पलीकडे कुणीतरी 'डिस्कस अबाउट' लिहिलेले असते, अलीकडे कुणीतरी 'पानी' लिहिलेले असते. असेच एकदा पलीकडच्या मॅडम पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे वाचलं ना सर, की अक्षरशः दात आंबतात."

दात माझेही आंबतात. पण त्या दिवशी एक साधी शंका मनात आली. गणिताच्या शिक्षकाला बेरीज चुकलेली दिसते, तेव्हा तो गुण कापतो आणि पुढे जातो. इतिहासाच्या शिक्षकाला सनावळी चुकलेली दिसते, तेव्हा तोही फार तर हसतो. भाषेतील चूक दिसली की मात्र आपल्याला ती आपल्या अंगावर आल्यासारखी वाटते. हा संताप येतो कुठून? आणि ज्या गोष्टीचा संताप येतो ती चूक म्हणून केव्हापासून ओळखली जाऊ लागली? आपल्या भाषेपुरता हा प्रश्न सोडवणे कठीण, कारण आपण त्यात फार गुंतलेले असतो. इंग्रजीचे तसे नाही. तिथे भांडणाचा कागदोपत्री पुरावा तीनशे वर्षांचा आहे, भांडणारे नामवंत आहेत, आणि त्यांच्या संतापाच्या तारखा आपल्याला ठाऊक आहेत.

इंग्रजी भाषकांना ज्या चुकांची चीड येते त्यांची यादी तशी ठरलेली असते. वाक्याच्या शेवटी येऊन बसलेले प्रिपोझिशन, 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये घुसलेले क्रियाविशेषण, दुहेरी नकार, 'फ्यूअर'च्या जागी 'लेस', एकट्या व्यक्तीसाठी वापरलेले 'दे', गिळलेला 'ह', 'आस्क'च्या जागी 'आक्स'. वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणारे सद्गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्या याच गोष्टींवर लिहीत आले आहेत, आणि प्रत्येक पिढीला वाटत आले आहे की भाषेचा ऱ्हास आपल्याच डोळ्यांदेखत सुरू झाला.

असे वाटणाऱ्यांमध्ये एक मोठे नाव जोनाथन स्विफ्टचे आहे. १७१२ साली त्याने रॉबर्ट हार्ली या वजनदार मंत्र्याला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. इंग्रजी भाषा बिघडत चालली आहे, तिला सुधारून कायमची स्थिर करावी आणि त्यासाठी विद्वानांचे एक मंडळ नेमावे, अशी त्याची मागणी होती. फ्रेंचांची अकादमी १६३५ पासून उभी होती. तसे काही इंग्लंडात व्हावे ही इच्छा स्विफ्टच्या आधीही अनेकांनी बोलून दाखवली होती. त्याला कशाचा राग होता ते पाहण्यासारखे आहे. कवी आणि तरुण मंडळी शब्दांतले स्वर खातात, हे त्याचे गाऱ्हाणे. 'डिस्टर्बेड' असा तीन अक्षरांचा भरघोस उच्चार करायचे सोडून लोक 'डिस्टर्ब्ड' म्हणतात, 'रिब्यूकेड'चे 'रिब्यूक्ड' करतात. असे व्यंजनांचे खडे दातांखाली आणणारे उच्चार त्याला रानटी वाटत. आज स्विफ्टला हवा तसा उच्चार वर्गात कुणी केला, तर इंग्रजीचे शिक्षकच त्याला थांबवतील. ज्या उच्चाराने त्याचे दात आंबत होते, तो आज एकमेव शुद्ध उच्चार आहे.

शब्द तोडण्यावरही त्याचा राग होता. 'मोबिले' या लॅटिन शब्दाचा तुकडा पाडून केलेला 'मॉब' त्याला सहन होत नसे. १७१० मध्ये 'टॅटलर'मध्ये त्याने अशा तुकड्यांची खिल्ली उडवली होती. त्यांतले 'पॉझ' किंवा 'फिझ' यांसारखे बरेच तुकडे नंतर आपोआप मेले. 'मॉब' मात्र जगला, आणि आता त्याच्या जागी दुसरा शब्द सुचत नाही. कोणता मरेल आणि कोणता जगेल, हे स्विफ्टसारख्या भाषेच्या अस्सल जाणकारालाही सांगता आले नाही. पुढे १७१४ साली ॲन राणी वारली, हार्लीचे सरकार गेले आणि अकादमीची कल्पनाही बारगळली. १७५५ मध्ये आपला कोश प्रसिद्ध करताना सॅम्युअल जॉन्सनने प्रस्तावनेत भाषा मसाला भरून जतन करू पाहणाऱ्यांची थट्टाच केली. असली आशा आपणही एकेकाळी बाळगली होती, हे त्याने प्रांजळपणे कबूलही केले आहे.

अकादमी झाली नाही, पण नियम झाले. ते संस्थेने केले नाहीत, व्यक्तींनी केले. वाक्याच्या शेवटच्या प्रिपोझिशनची गोष्ट घ्या. हा आक्षेप प्रसिद्धीला आणला कवी जॉन ड्रायडनने, १६७२ साली. आदल्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या 'कॅटिलाइन' नाटकातील एका ओळीत शेवटी आलेले 'फ्रॉम' त्याने दोष म्हणून दाखवले, आणि हाच दोष आपल्याही लेखनात आढळल्याचे जोडीला सांगून टाकले. पुढे १६८४ मध्ये आपला नाट्यकाव्यावरचा जुना निबंध पुन्हा छापताना त्याने त्यातली अशी वाक्ये शोधून शोधून फिरवली. आपले इंग्रजी नीट आहे की नाही याची खात्री करण्यासाठी आपण ते कधीकधी लॅटिनमध्ये उतरवून पाहतो, असे त्याने एका अर्पणपत्रिकेत लिहिले आहे. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन नामाच्या आधीच येते. त्याच्या नावातच 'आधी ठेवलेले' हा अर्थ आहे. मग इंग्रजीत ते शेवटी कसे? आपली शब्दयोगी अव्यये जन्मजात नामाच्या मागून येणारी, त्यामुळे मराठी माणसाला या भांडणाची गंमत वाटते. अर्थात दोन्ही गोष्टी एक नव्हेत. मुद्दा इतकाच की जे वळण इंग्रजीत शतकानुशतके होते, ते एका कवीला परक्या भाषेच्या आरशात पाहताना खटकले आणि तेथून ते शाळेपर्यंत गेले.

शाळेपर्यंत नेण्याचे काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. १७६२ साली रॉबर्ट लाउथचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण आले. लाउथ हा ऑक्सफर्डला काव्याचा प्राध्यापक राहिलेला, हिब्रू काव्यावर मूलगामी लेखन केलेला विद्वान. पुढे तो लंडनचा बिशप झाला. त्याच्या पुस्तकाचा खरा रस तळटीपांत आहे. शेक्सपिअर, मिल्टन, ॲडिसन, पोप, इतकेच काय पण स्वतः स्विफ्ट, सगळ्यांच्या व्याकरणाच्या चुका त्याने तळटीपांत मांडल्या आहेत. भाषा सुधारायला निघालेल्या स्विफ्टचे नाव पन्नास वर्षांत गुन्हेगारांच्या यादीत लागले! लाउथवर नंतरच्या काळात पुष्कळ खापर फोडले गेले, आणि ते सगळे न्याय्य नाही. शेवटी येणाऱ्या प्रिपोझिशनविषयी त्याने एवढेच म्हटले की बोलण्यात आणि साध्या लेखनात ही लकब शोभते, गंभीर शैलीत टाळावी; आणि आपल्या भाषेचा तिच्याकडे मोठा ओढा आहे, हे सांगताना त्याच वाक्यात त्याने ती स्वतः वापरली आहे. हा विनोद जाणूनबुजून केलेला असावा असे मला वाटते. त्याच्या मागून आलेल्यांनी विनोद वगळला आणि नियम उचलला.

दुहेरी नकाराचेही असेच. 'आय डोन्ट नो नथिंग' म्हणणारा अडाणी, ही आज सार्वत्रिक समजूत आहे. दोन नकार एकमेकांना छेदतात आणि होकार उरतो, हा तर्क जेम्स ग्रीनवुडने १७११ मध्ये मांडला होता. लाउथने तो १७६३ च्या दुसऱ्या आवृत्तीत घेतला. बीजगणितात तो खरा आहे. चॉसर मात्र 'कँटरबरी टेल्स'मध्ये आपल्या सभ्य सरदाराचे वर्णन करताना दोन ओळींत चार नकार रचतो, आणि त्या सरदाराने कधीच कुणाला वावगा शब्द उच्चारला नाही, हा अर्थ प्रत्येक नकाराने अधिकच घट्ट होतो. चारही छेदून टाकले तर सरदाराचे काय होईल, याचा विचार बीजगणितवाल्यांनी करावा. मराठीत 'नाही असे नाही' म्हटले की होकार होतो आणि 'नको नको' म्हटले की नकार दुणावतो. आपल्याला त्यात कधी गोंधळ वाटत नाही, कारण ऐकणारा गणित करत बसत नसतो.

या सगळ्याची पाठ्यपुस्तके झाली ती लिंडली मरीच्या हातून. मरी हा अमेरिकेत वकिली केलेला क्वेकर पंथीय गृहस्थ, प्रकृतीमुळे यॉर्कजवळ येऊन राहिलेला. तिथल्या मुलींच्या शाळेतील शिक्षिकांच्या आग्रहावरून त्याने १७९५ मध्ये व्याकरण लिहिले आणि ते अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर लाखांनी खपले. लाउथची सौम्य मते तेथे आज्ञांच्या भाषेत आली. क्वेकर मंडळींचा इथे एक वेगळाच पूर्वेतिहास आहे. सतराव्या शतकात इंग्रजीतला एकवचनी 'दाऊ' मागे पडून एकट्या माणसालाही आदराने अनेकवचनी 'यू' म्हणण्याची रीत पक्की होत होती. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याला ही रीत व्याकरणाविरुद्ध आणि खुशामतीची वाटली. एकाला अनेक म्हणणे म्हणजे खोटे बोलणे. १६६० मध्ये त्याने आपल्या सहकाऱ्यांसह अनेक भाषांचे दाखले देणारा एक ग्रंथच यासाठी काढला. क्वेकर न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणत आणि त्यापायी मार खात. तू, तुम्ही आणि आपण यांच्या पायऱ्या सांभाळत जगणाऱ्या आपल्या समाजात कुणी न्यायमूर्तींना 'अरे तू' म्हणाल्याची कल्पना केली, की त्या प्रसंगाची धग कळते. व्याकरणाच्या दृष्टीने फॉक्सचे बरोबर होते. भाषा मात्र त्याला न विचारता पुढे गेली. आज 'दे' हे अनेकवचनी सर्वनाम एका व्यक्तीसाठी वापरू नये म्हणून जे वाद घालतात, ते सगळे एकट्या माणसाला बिनदिक्कत 'यू' म्हणतात. तसे हे एकवचनी 'दे' चौदाव्या शतकापासून चालत आले आहे. अठराव्या शतकाच्या व्याकरणांनी तिथे पुल्लिंगी 'ही' बसवला, १८५० च्या ब्रिटिश कायद्याने पुल्लिंगात स्त्रीलिंग अंतर्भूत धरले. आणि २०२० च्या जानेवारीत अमेरिकन डायलेक्ट सोसायटीच्या सभासदांनी त्याच 'दे'ला दशकाचा शब्द ठरवले.

'टू' आणि क्रियापद यांच्यात क्रियाविशेषण घालू नये, हा नियम तर व्हिक्टोरियन काळातला, म्हणजे आपल्या रेल्वेच्या वयाचा. चौदाव्या शतकात जॉन विक्लिफ अशी रचना सहज करत असे. तिच्यावरचे आक्षेप १८३४ च्या सुमारास दिसू लागतात, आणि कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ साली आपल्या 'क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकात ते ठसठशीतपणे नोंदवले. लॅटिनमध्ये हे क्रियारूप एकाच शब्दाचे असते म्हणून हा नियम झाला, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. सुरुवातीच्या आक्षेपकांच्या लेखनात मात्र तसे कारण सापडत नाही. त्यांना ते नुसते नवे आणि ओंगळ वाटले होते. आल्फर्डचे पुस्तक येताच जॉर्ज वॉशिंग्टन मून नावाच्या गृहस्थाने 'डीन्स इंग्लिश' हे उत्तर लिहून डीनसाहेबांच्या स्वतःच्या वाक्यांतल्या ढीगभर चुका दाखवल्या. ग्रंथालयात ही दोन पुस्तके शेजारी ठेवावीत आणि एका बैठकीत वाचावीत. दोन शुद्धतावादी परस्परांचे कपडे फाडताना पाहण्याचे सुख वाङ्‌मयात फार वेळा मिळत नाही. फाउलरने १९२६ मध्ये आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हा नियम न जाणणारे, न जुमानणारे, त्याला भिणारे अशा इंग्रजी भाषकांच्या पाच जाती लावून भांडण थट्टेवारी नेले.

तरीही भीती गेली नाही. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांना अध्यक्षपदाची शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांची गल्लत झाली. अमेरिकेच्या राज्यघटनेतील शपथेत 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्या मध्ये 'फेथफुली' हे क्रियाविशेषण आहे. रॉबर्ट्स यांनी ते उचलून पार शेवटी नेले. ओबामा अडखळले, आणि खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घ्यावी लागली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हा लिहिले, की रॉबर्ट्स हे व्याकरणाबाबत कडक मानले जातात, जोडक्रियापद फोडू नये हा संस्कार त्यांच्या जिभेला नकळत वळवून गेला असावा. हा तर्कच आहे, पण मला तो पटण्यासारखा वाटतो.

'लेस' आणि 'फ्यूअर' यांचा निकाल एका वाक्यात लागतो. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या गद्यात मोजता येण्याजोग्या वस्तूंसाठी 'लेस' आहे. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या, ग्रीक न येणाऱ्या आणि लॅटिन बेताचे असलेल्या लेखकाने 'फ्यूअर' मला बरे वाटते, एवढीच आवड नोंदवली. आणि २००८ मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीला त्या आवडीपायी आपल्या रांगांवरच्या पाट्या बदलाव्या लागल्या.

आतापर्यंतच्या चुका लेखणीच्या होत्या. उच्चाराकडे वळले की प्रकरणाचा रंग बदलतो, कारण लेखणीची चूक झाकता येते, जिभेची येत नाही.

ज्या १७६२ साली लाउथचे व्याकरण आले, त्याच साली स्विफ्टचा धर्मपुत्र टॉमस शेरिडन याची वक्तृत्वावरची व्याख्याने प्रसिद्ध झाली. हा शेरिडन नट, उच्चारशिक्षक आणि नाटककार शेरिडनचा बाप. शब्दारंभीचा 'ह' गिळणे हा इंग्लंडच्या अनेक भागांतला दोष आहे, असे त्याने त्यात सांगितले. 'ह' खाण्याची अशी निंदा त्यापूर्वी क्वचितच दिसते. 'ह' मात्र त्याच्याही कितीतरी आधीपासून गळत होता. फ्रेंचमधून आलेल्या कित्येक शब्दांत तो मुळातच उच्चारला जात नसे; 'अवर', 'ऑनर', 'एअर' हे अजून तसेच आहेत. बाकीच्या शब्दांत तो स्पेलिंगकडे पाहून हळूहळू भरला गेला. वनस्पतीवाचक शब्दाचा अमेरिकन उच्चार 'अर्ब' आणि ब्रिटिश 'हर्ब'. यात इंग्रजांना अमेरिकनांचा उच्चार गावठी वाटतो, पण जुना तोच आहे. 'हंबल'चा 'ह' तर एकोणिसाव्या शतकापर्यंत डळमळीत होता. १८५० च्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधल्या युराया हीपच्या तोंडी डिकन्सने सतत 'अंबल' घातला आणि त्या लाळघोट्या पात्राच्या तोंडून तो उच्चार कायमचा बदनाम झाला. आपल्याकडेही या अक्षराने गमती केल्या आहेत. पोर्तुगीजांच्या बिनहकाराच्या शब्दाचे आपण 'इस्पितळ' केले, आणि इंग्रजांच्या 'ऑफिस'ला मात्र पदरचा 'ह' लावून 'हापिस' म्हटले.

व्हिक्टोरियन इंग्लंडात 'ह' हा माणसाची पायरी दाखवणारा वर्ण झाला. गिरण्या, रेल्वे आणि व्यापार यांतून पैसा आलेला एक मोठा वर्ग वर सरकत होता. कपडे विकत मिळत, घर विकत मिळे, 'ह' मिळत नसे. १८५४ मध्ये 'पुअर लेटर एच' या नावाची एक पुस्तिका निघाली, 'ह' कुठे म्हणावा आणि कुठे म्हणू नये हे शिकवणारी, आणि ती धडाक्याने खपली. ती विकत घेणाऱ्यांची अवस्था डोळ्यांसमोर आणावी. नवा कोट घालून मेजवानीला गेलेला कुणी कापडाचा व्यापारी. आणि तोंडातून पहिले वाक्य बाहेर पडताच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उंचावलेली एक भुवई.

याच काळात लंडनच्या इंग्रजीत दुसरेही एक व्यंजन गळत होते, 'र'. जॉन वॉकरने १७९१ च्या उच्चारकोशात नोंदवून ठेवले आहे की लंडनमध्ये 'बार', 'कार्ड' यांतला 'र' जवळजवळ बुडतो. सुरुवातीला यावरही नाके मुरडली गेली. १८१८ साली 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये लॉकहार्टने कीट्सला 'कॉक्नी' ठरवून झोडपले, त्या संप्रदायाच्या यमकांचीही त्याने टर उडवली. 'र' न उच्चारता जुळणारी यमके कीट्समध्ये आहेत, आणि एकोणिसाव्या शतकभर समीक्षक असल्या यमकांना कानाला बोचणारी म्हणत राहिले. पुढे काय झाले? 'र' टाकणे हे दक्षिण इंग्लंडच्या वरिष्ठ वर्गाचे, महागड्या शाळांचे वळण झाले आणि विसाव्या शतकात ते बीबीसीचे इंग्रजी म्हणून जगभर पोचले. दोन व्यंजने, एकच शहर, दोघेही गळणारे. एक गाळणारा असंस्कृत ठरला आणि दुसरे गाळणारा सुसंस्कृत. या दोन वर्णांचे दैव ज्या गोष्टीने वेगळे केले ती ध्वनीत नव्हती. कोण गाळतो, यात होती.

याची उलट बाजू अटलांटिकपलीकडे दिसते. १९६२ मध्ये विल्यम लबॉव्ह याने न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन नोकरांना अशा वस्तूंचा पत्ता विचारला ज्या चौथ्या मजल्यावर मिळत. उत्तरात 'फोर्थ फ्लोअर' हे शब्द येणार आणि त्यांत 'र' दोनदा. ऐकू आले नाही असे भासवून तो पुन्हा विचारी, म्हणजे तोच माणूस जरा सावध होऊन बोले. अशी २६४ माणसे झाली. श्रीमंतांच्या सॅक्स या दुकानात सुमारे ६२ टक्के नोकरांनी कमीअधिक प्रमाणात 'र' उच्चारला, मधल्या मेसीजमध्ये ५१ टक्क्यांनी, आणि स्वस्त अशा क्लाइन्समध्ये सुमारे २० टक्क्यांनी. लंडनमध्ये जो 'र' टाकला की माणूस मोठा, तो न्यूयॉर्कमध्ये टाकला की लहान. संशोधनाची ही रीत मला फार आवडते. तिला यंत्र लागले नाही, फक्त चौथा मजला लागला.

बर्नार्ड शॉने 'पिग्मॅलियन' लिहिले ते या वातावरणात. ते १९१३ मध्ये प्रथम रंगभूमीवर आले. एका इंग्रजाने तोंड उघडताच दुसरा त्याचा तिरस्कार करू लागतो, अशा आशयाचे त्याच्या प्रस्तावनेतले विधान आपण सगळेच वर्गात सांगतो. पु. ल. देशपांडे यांनी त्याची 'ती फुलराणी' केली १९७५ मध्ये. शॉच्या नायिकेचा गिळलेला 'ह' मराठीत आणता येत नव्हता, पण मराठीत 'न' आणि 'ण' होते, 'श' आणि 'स' होते, आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळेला प्रेक्षकांनी हशा दिला तो पहिल्या क्षणापासून. मीही ते नाटक पुनःपुन्हा पाहिले आहे आणि दर वेळी हसलो आहे. मंजुळेच्या जागी बसून ते नाटक कसे दिसत असेल, हे बरीच वर्षे मनात आले नाही.

'आक्स' हा शब्द या कथेतला सर्वांत कडू भाग आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या तोंडी 'आस्क'चा 'आक्स' होतो आणि तो ऐकून चिडणाऱ्यांना त्यात आळस, अडाणीपण, शाळेचा कंटाळा असे सगळे ऐकू येते. जुन्या इंग्रजीत ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती. चॉसर 'आक्स' लिहितो. कव्हरडेलने १५३५ मध्ये छापलेल्या बायबलात, मागा म्हणजे मिळेल या आशयाच्या वचनात, 'आक्स'च आहे. पुढे 'आस्क' हे प्रमाणरूप झाले आणि 'आक्स' बोलींमध्ये उरले. यालाच आपण वर्णविपर्यय म्हणतो. वाराणसीचे बनारस त्यानेच झाले आणि इंग्रजीतल्या 'ब्रिड'चा 'बर्ड'ही त्यानेच झाला. 'बर्ड' म्हणणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही. शाळेतल्या 'डेस्क'ला बिनतक्रार 'डेक्स' म्हणत वाढलेल्या आपल्या पिढीने तर इथे जपूनच बोलावे.

पण हा केवळ दात आंबण्याचा प्रश्न राहिलेला नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन बॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील घरमालकांना फोन करून घर भाड्याने मिळेल का, असे बॉ यांनी स्वतः विचारले. एकदा प्रमाण इंग्रजीच्या, एकदा आफ्रिकी अमेरिकन आणि एकदा मेक्सिकन अमेरिकन वळणाच्या बोलीत. आवाज एकाच माणसाचा, मजकूर तोच. गोऱ्या वस्तीच्या भागांत प्रमाण उच्चाराला घर पाहायला येण्याचे निमंत्रण मिळे, इतर दोन उच्चारांना ते कितीतरी कमी वेळा मिळाले. २०१३ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हन मार्टिन या सतरा वर्षांच्या मुलाच्या हत्येचा खटला चालला. मृत्यूपूर्वी तो जिच्याशी फोनवर बोलत होता त्या मैत्रिणीची साक्ष काही तास झाली. तिची बोली नीट समजली नाही आणि ती विश्वासार्ह वाटली नाही, असे पुढे एका ज्यूरीने सांगितले. आरोपी सुटला. जॉन रिकफर्ड आणि शारीझ किंग यांनी २०१६ मध्ये तिच्या साक्षीतील प्रत्येक व्याकरणरूप तपासून दाखवले, की तिची भाषा नियमबद्ध होती. ज्यूरीला ते नियम ठाऊक नव्हते.

हे वाचले तेव्हा मला आमच्याच महाविद्यालयातील एक तोंडी परीक्षा आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वीची. एक विद्यार्थिनी कविता म्हणत होती, चांगली म्हणत होती, आणि तिच्या 'न'ला मी तीनदा थांबवले. तिसऱ्यांदा थांबवल्यावर तिने कविता पुन्हा सुरू केली नाही. "सर, येत नाही" एवढेच म्हणाली आणि बसली. कविता तिला पाठ होती. तिच्या गावी पाण्याला 'पानी'च म्हणतात, हेही मला ठाऊक होते. मी जे केले त्याला मी तेव्हा संस्कार म्हणत होतो.

इंग्रजीचा नियम आपल्याकडे आला तो मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या रेन यांच्या आणि मार्टिन यांच्या व्याकरणातून. आणि दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणावरही इंग्रजी व्याकरणांच्या चौकटीचा ठसा असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. 'न' आणि 'ण' यांचा भेद मात्र कुणा साहेबाने दिलेला नाही, तो आपलाच आहे, आणि शिकवायलाही हवा. नोकरीच्या मुलाखतीत तिच्या समोर बसणारा माणूस इतिहास वाचून आलेला नसतो. प्रमाणभाषा शिकवणे ही मुलांची फसवणूक आहे असे म्हणणारे स्वतः प्रमाणभाषेतच ते म्हणतात, हेही मी विसरलेलो नाही.

यंदा एम.ए.च्या वर्गाला 'गाथासप्तशती'तल्या काही गाथा लावल्या आहेत. महाराष्ट्री प्राकृतात संस्कृतातला जवळजवळ प्रत्येक 'न' हा 'ण' होतो, शब्दाच्या आरंभीसुद्धा. 'नयन'चे 'णअण' होते. पहिल्या दिवशी फळ्यावर तो शब्द लिहिला तेव्हा वर्ग हसला. मी कारण सांगितले: हीच आपली आजी, आणि हिला शब्दारंभीचा 'न' येत नव्हता, तो पुढच्यांनी परत आणला, आणि काही गावांनी जरा जास्तच आणला. मग मुलांनी गाथा वाचायला घेतल्या.

उत्तरपत्रिकेतल्या 'पानी'खाली मी अजूनही तांबडी रेघ मारतो. तोंडी परीक्षेत मात्र कविता संपेपर्यंत थांबतो.